फाईल पुढे सरकत नाही तेव्हा तुम्ही कशावर टिकता?

पळसवाट (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायला बसले आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, एका लहान संस्थेबरोबर सामूहिक वनहक्काचं काम करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या आणि राखलेल्या जंगलावर २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला हक्क सांगता येतो. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती पुरावे आणि नकाशा तयार करते, ग्रामसभा ठराव करते. मग दावा उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. कागदावर वाट सरळ आहे.

आमच्या एका पाड्याचा दावा या वाटेवर कधीचा अडकलाय. त्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाब आहेत. कुठल्या नाल्याला काय म्हणतात, कुठला मोह कुठल्या घराने वेचायचा, डिंक कुठे, गवत कुठे, वाघदेव कुठे, कुणाच्या आज्याने कुठली पायवाट पाडली. बायांनी आधी जमिनीवर रांगोळीने नकाशा काढला, मग तो कागदावर घेतला. पोरांनी हद्दीवर चालत मोबाईलमध्ये बिंदू टिपले. असा तो दावा 'त्रुटी' असा शेरा मारून परत आला. त्रुटी काय, तर एका पानावर सही नाही. सही घेतली, पुन्हा दाखल केला. मग साहेब बदलले. नव्या साहेबांना फाईलच सापडेना. ज्या आजोबांनी काठी टेकत सगळी हद्द दाखवली होती, ते यंदाच्या पावसाळ्यात गेले.

मागच्या बैठकीला एक बाई शेतातून थेट आल्या. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा ओट्याखाली टाकला, विळा त्यात खोचला, बसल्या आणि विचारलं, "ताई, कागद आला का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बंद पडलेल्या हातपंपाचा विषय काढला. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांना माझ्याकडून आता फारशी अपेक्षाच उरली नाही की काय, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

बरोबरचा सहकारी नोकरी मिळाली म्हणून नाशिकला गेला. घरी वडिलांचं आजारपण आहे, त्याने जाणंच बरोबर होतं. आता त्या खोऱ्यात मी एकटी आहे.

मला सुविचार नकोत. ज्यांनी अशा कामात वर्षं काढली आहेत किंवा असं काम जवळून पाहिलंय, त्यांनी सांगावं: काहीच हलत नाही तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात काय करता?

मोहफूल

पळसवाट, मी गडचिरोलीची. तुमचा हातपंपाचा प्रसंग वाचून मेंढा या गावाबद्दल लिहावंसं वाटलं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वनहक्काचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव पाठ असतं. २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक, सुमारे १८०० हेक्टर जंगल. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती, म्हणजे गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. माझ्या मते त्या फोटोमुळे नव्या कार्यकर्त्यांचं नुकसान होतं. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षं कुणी पाहतच नाही.

अलीकडे काय होतं? ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं. त्यातून गावागावांत आपल्या कारभाराची भाषा सुरू झाली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या काळापासूनची. वनहक्क कायदा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी मेंढ्याने जंगल राखायला, त्याचे नियम ठरवायला तेव्हाच सुरुवात केली. दारूचा प्रश्न बायकांनी लावून धरला. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने चालवलेलं अभ्यास मंडळ. तिथे निर्णय घ्यायचा नसतो. जमायचं, एखादा प्रश्न घ्यायचा, वाचायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं आणि बोलत राहायचं. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. बहुमताने हात वर करून मोजणी नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेत.

बाहेरून येणाऱ्याला हे फार संथ वाटतं. पण मतदानात हरलेला माणूस पुढच्या सभेला येत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मेंढ्यात माणसं येत राहिली. कायदा आला तेव्हा दावा तयार करायला संस्थेची माणसं हवी होती असं नाही, गावाला आपलं जंगल आणि आपले नियम तोंडपाठ होते.

आता पलीकडचं. हक्काचा कागद २००९ ला मिळाला, बांबू विकायचा परवाना २०११ ला. मधल्या काळात वाद काय, तर बांबू हे लाकूड की गौण वनोपज, म्हणजे डिंक-मोहासारखं लाकडाव्यतिरिक्तचं उत्पन्न. कायद्यात बांबू गौण वनोपजात आहे असं स्वच्छ लिहिलेलं असताना हा वाद चालला. म्हणजे ज्या कागदाची तुमचा पाडा वाट पाहतोय, तो आल्यावर दुसरा कागद लागणार आहे. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. गावाचं सगळं चित्त कागदाकडे लागलं असेल तर दावा आल्यावरही तुमची ही अस्वस्थता जाणार नाही, म्हणून लिहिते.

दावा अडकला म्हणून जंगल राखायचं थांबत नाही. वणव्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढणं, गस्तीच्या पाळ्या, कुणी काय आणलं याची वही, हे आज सुरू करता येतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १००६ हेक्टरवर हक्क मिळाला. नंतर त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी जंगलात आगी लावल्या जातात, झाडं छाटली जातात आणि तेंदूची फळं पाखरांना उरत नाहीत. हातात येणारा पैसा सोडायचं धैर्य गाव एका बैठकीत गोळा करत नाही. त्याच्या आधी पुष्कळ बैठका झालेल्या असतात, ज्यांत कुणीतरी हातपंपाचा विषय काढलेला असतो.

तुमच्या त्या बाई उठून गेल्या नाहीत. गावाचा आणखी एक प्रश्न त्यांनी तुमच्यापुढे ठेवला. मला तर त्यात भरवसा दिसला.

कोरडवाहू

मोहफूल यांनी छान लिहिलंय, पण मला दुसऱ्या टोकाने बोलायचंय.

आम्ही टिकाव, चिकाटी असं बोलत राहतो आणि कार्यकर्त्याच्या मानधनाचा विषय टाळतो. प्रकल्प तीन वर्षांचा, प्रश्न तीस वर्षांचा. देणगीदार सहा महिन्यांनी विचारतात की किती दावे मंजूर झाले. मंजूर शून्य असले तर पुढचा हप्ता अडतो. मग ज्या मुलाला सगळे पाडे, सगळ्या वाटा माहीत असतात तोच आधी जातो. पळसवाट, तुमचा सहकारी नाशिकला गेला, तो आशा संपली म्हणून गेला का? त्याला महिन्याला घर चालवण्याइतके पैसे मिळाले असते तर तो राहिला असता. मी अशी चांगली माणसं गमावली आहेत आणि मला त्याचा फार त्रास होतो.

संस्थेत हा विषय स्पष्ट काढा. अहवालात 'मंजूर दावे' या एकाच रकान्याऐवजी किती ग्रामसभा झाल्या, किती बाया बोलल्या, किती नोंदी झाल्या, किती अर्जांना उत्तर मिळालं हे मांडा. समजून घेणारे देणगीदार असतात, त्यांना सांगावं लागतं. आणि तुमचा पीएफ, आरोग्यविमा आहे का ते बघा. पन्नाशीतल्या कार्यकर्त्यांचे हाल मी पाहिलेत, म्हणून आग्रहाने लिहितोय.

पळसवाट

कोरडवाहू, विमा नाही. यावर मी कधी बोलले नव्हते, बोलेन.

मोहफूल, बाईंच्या प्रश्नाचा असा अर्थ मला सुचला नव्हता. पण एक विचारते. मेंढा, पाचगाव ही जिंकलेली गावं आहेत. जिथे लढा हरतो तिथे माणसं कशी उभी राहतात? आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न डोळ्यांसमोर असतो, नर्मदेचं पाणी वर चढलेलं दिसतं.

काठावरचा

याचं उत्तर मी द्यायला हवं. माझं मूळ गाव पाण्याखाली आहे. आता आम्ही तळोद्याकडच्या वसाहतीत राहतो.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली पहिलं. १९९३ च्या पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं. 'कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा' ही घोषणा आमच्या लहानपणी रोजची होती. २००० च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने धरण पुढे न्यायला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीचं धरण देशाला अर्पण झालं. धरण झालं. आम्ही हरलो. हे मी गुळमुळीत बोलणार नाही. माझी आई अजून नदीकाठच्या शेताचं नाव घेते, तिला इथली सपाट जमीन आपली वाटत नाही. वसाहतीतल्या जमिनी सगळ्याच चांगल्या नाहीत, काहींना पाण्याची सोय नाही, आणि काही कुटुंबांचे अर्ज अजून फिरतायत.

पण हरलेल्या लढ्यात काय शिल्लक राहिलं तेही सांगतो, कारण तुम्ही मनापासून विचारलंय.

जमिनीच्या बदल्यात जमीन हा नर्मदा पाणीवाटप लवादाचा निर्णय १९७९ चा. कुटुंबाला किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. निर्णय कागदावर होता. तो जमिनीवर उतरवायला एकेका घराची यादी करावी लागली, कोण सज्ञान होता, कोणाचं नाव पंचनाम्यात राहिलं, कुठल्या टापूला पाणी लागणार. ते काम गावातल्याच पोरांनी केलं. माझा मोठा भाऊ त्यातला. त्याच्याकडे अजून एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात घरटी एक पुडकं. सातबारा, पावत्या, अर्जांच्या पोच. आमची दोन हेक्टर जमीन त्या पेटीतून आली, घोषणेतून आली नाही. पण घोषणा नसती तर पेटी भरायला कुणी बसलं नसतं.

दुसरं जीवनशाळांचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाणला त्या सुरू झाल्या. सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी येत नव्हते. गावाने स्वतः झोपडी बांधली, आपल्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली. पाणी चढलं तशी शाळा वरच्या अंगाला हलवली. त्या शाळांतून निघालेली पोरं आज शिक्षक आहेत, आशाताई आहेत, सरपंच आहेत. धरण थांबवायच्या लढ्यात कुणी शाळेची मागणी घेऊन उतरलं नव्हतं.

तिसरं तुम्हाला लांबचं वाटेल. लढा आणि बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल यांच्यामुळे जागतिक बँक १९९३ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र तपासणी मंडळ नेमलं. मणिबेलीच्या माणसांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. जगात कुठेतरी दुसऱ्या गावाला झाला असेल. यात समाधान मानावं असं मी म्हणत नाही. आई तर मुळीच मानत नाही.

पळसवाट, आमच्या गावातली माणसं उभी राहिली कारण त्यांना एकमेकांशिवाय पर्याय नव्हता. सभेला गेलं की निदान कळायचं कोणाच्या घरात पाणी शिरलं. तुम्ही लिहिलंत की तुम्ही खोऱ्यात एकट्या आहात. दाव्यापेक्षा मला ती गोष्ट जास्त काळजीची वाटते.

प्रश्नचिन्ह

मी साताऱ्याचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. काठावरचा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी नव्वदच्या दशकातली. मसुदे किती वेळा बदलले, किती कलमं गाळली, विधेयक अधिवेशनामागून अधिवेशन कसं पुढे ढकललं गेलं, हे सगळं डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सोसलं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा. जे काम इतकी वर्षं होत नव्हतं ते त्यांचा जीव गेल्यावर चार दिवसांत झालं, हे आठवलं की अजूनही पोटात कालवतं. खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले.

त्या वर्षांत कार्यकर्ते घरी का बसले नाहीत, हे मला खूपजण विचारतात. मी तरी त्याचं उत्तर असं देतो की कामाचा दिवस ठरलेला होता. खुनानंतर दर महिन्याच्या २० तारखेला पुण्यात, जिथे तो झाला त्या पुलावर कार्यकर्ते जमत राहिले. मनात उभारी आहे की नाही हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारत नाही. तारीख आली की जायचं.

आणि कायद्याच्या लढाईच्या बाजूला रोजचं काम होतं, ज्याचा निकाल त्याच दिवशी दिसतो. आम्ही बायकांच्या जटा काढतो. देवीची जट म्हणून वर्षानुवर्षं न विंचरलेले केस. मान वाकडी झालेली असते, उवा असतात, रात्री कुशीवर वळता येत नाही. त्या बाईला पटवायला महिनोन्‌महिने जावं लागतं. ती तयार झाली तर सासू अडवते, सासू तयार झाली तर भावकी. शेवटी ती बसते. कात्री जटेतून जात नाही, थोडं थोडं कापावं लागतं. पहिल्या घावाला ती डोळे गच्च मिटून देवीचं नाव घेते. सगळं उतरल्यावर कोमट पाण्याने डोकं धुतो. एका ताईंनी त्यानंतर नुसती मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. बराच वेळ तेवढंच करत होत्या. त्यांची सूनही रडत होती, मीही.

विधानसभेत विधेयक लटकलेलं असताना अशी कामं चालू होती, म्हणून माणसं राहिली. पळसवाट, दाव्याच्या बरोबरीने एखादं असं काम धरा ज्याचं फळ त्याच महिन्यात दिसेल. तुमच्या बाईंनी ते सुचवलंही आहे. हातपंप दुरुस्त करून घ्या.

चिमूरची

सगळ्यांचं वाचतेय. एक कडू गोष्ट राहिली आहे, ती मी लिहिते. कधीकधी मिळालेलं परत जातं.

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायकांनी किती केलं! २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा गेला. पायाला फोड आलेल्या बायका, कडेवर लेकरं, रस्त्यावरच्या गावांनी दिलेली भाकर. एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये ती उठली. अवैध दारू वाढली हे कारण दिलं गेलं. अवैध दारू होतीच, मी नाकारत नाही. पण बंदी नीट राबवणं ज्यांचं काम होतं त्यांचं अपयश बायकांच्या पदरात टाकलं गेलं, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवशी आमच्या बचत गटाची बैठक होती. कुणी काही बोललं नाही. नंतर एकजण म्हणाली, आपल्या गावात तर आडवी बाटली करता येते ना. म्हणजे गावापुरतं मतदान. चौथाई महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, मतदान झालं की एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. सोपं नाही. त्या दिवशी कामाला, लग्नाला, माहेरी गेलेली प्रत्येक बाई विरोधात धरली जाते. तरी आम्ही परत सह्यांना लागलो.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथेही चोरटी दारू येते, पण २०१६ पासून मुक्तिपथ या दारूमुक्तीच्या अभियानात गावोगावी संघटना झाल्या, त्या पाठपुरावा करतात. कायदा असो नसो, गावातली बायांची संघटना हवीच, हे आम्हाला पुरतं कळलंय. तेव्हा कळायला हवं होतं की नव्हतं, यावर मी विचार करत बसत नाही. पुढचं गाव घ्यायचं.

रोखठोक

सगळ्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. हे सगळं वाचून एखादी तरुण मुलगी असं समजेल का, की अपयश आलं तरी सहन करत राहणं हेच चांगल्या कार्यकर्त्याचं लक्षण? सरकारी यंत्रणेने वेळेत काम करावं ही मागणी कुठे गेली? माणसांनी चिवट व्हावं यापेक्षा व्यवस्थेने बदलावं यावर जोर हवा. आणि काही वेळा काम सोडणं, विश्रांती घेणं हेही योग्यच असतं.

काठावरचा

रोखठोक, शेवटच्या वाक्याशी सहमत. माझा भाऊ मध्ये दोन वर्षं सुरतला कामाला गेला होता. पेटी दुसऱ्याने सांभाळली. तो परत आला तेव्हा पेटी जागेवर होती. एकाला विश्रांती घेता यावी म्हणून तर संघटना.

घंटागाडी

काठावरचा यांच्या मुद्द्याला जोडून पुण्याचं सांगते. मी कचरावेचकांच्या मुलींच्या अभ्यासवर्गात शिकवते, त्यामुळे त्यांच्या संघटनेचं काम जवळून पाहते.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. कचराकुंडीत हात घालून भंगार वेचणाऱ्या, बहुतेक दलित बाया. लोक चोर समजायचे, पोलीस हटकायचे. त्यांच्या हाती सर्वांत आधी ओळखपत्र आलं. भाव वाढवून मिळणं, पालिकेशी करार, स्वतःची सहकारी संस्था हे सगळं त्यानंतरचं. 'स्वच्छ' ही संस्था उभी राहायला २००८ उजाडलं. आजही करार संपत आला की काम मोठ्या कंत्राटदाराला जाईल का, ही धाकधूक असते. दर वेळी बायांना पालिकेवर जावं लागतं.

मला यातली वर्गणी महत्त्वाची वाटते. सदस्य दरवर्षी स्वतःच्या कमाईतून वर्गणी भरते. जिने पैसे भरलेत ती सभेत हिशेब विचारते, पदाधिकाऱ्याला झापते, आणि अडचणीच्या वेळी येतेही. बाहेरच्या पैशावर चालणारं काम पैसा थांबला की थांबतं, हा कोरडवाहूंचा मुद्दा खरा आहे. पळसवाट, पाड्यात घरटी दहा-वीस रुपये वर्गणी काढून वनहक्क समितीचं स्वतःचं खातं उघडता येईल का? तालुक्याला जायचं गाडीभाडं त्यातून निघालं तर "ताई, कागद आला का" याऐवजी "आपण कधी जायचं" असा प्रश्न येईल.

बारकावे

मी धुळ्याला वकिली करते, वनहक्काच्या प्रकरणांत ग्रामसभांना मदत करते. रोखठोक यांनी यंत्रणेबद्दल विचारलंय, म्हणून थोडं कोरडं पण उपयोगाचं.

पळसवाट, ते आजोबा गेले, पण त्यांचा जबाब लिहून त्यावर अंगठा घेतलाय ना? ज्येष्ठांचा लेखी जबाब हा वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून धरलेला आहे. त्यांनी दाखवलेली हद्द आता कायद्याच्या भाषेत उभी आहे. त्या जबाबाच्या साक्षांकित प्रती आजच काढून तीन वेगळ्या घरांत ठेवा.

एका पानावर सही नाही म्हणून दावा नुसता परत करणं बरोबर नाही. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वरच्या समितीला दावा अपुरा वाटला तर कारणं लिहून तो ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवावा लागतो. अमुकच कागद हवा असा हट्ट धरून नाकारता येत नाही. नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं तर ते कळवावं लागतं, आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

फाईल सापडत नाही हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. पहिल्यांदा दाखल केलेल्या अर्जाची पोच आणि आवक क्रमांक शोधा. तो घालून माहिती अधिकारात विचारा: फाईल आज कोणाकडे आहे, त्यावर कोणती टिपणी झाली, कोणत्या तारखेला. अर्ज तुमच्या नावाने नको, वनहक्क समितीच्या दोन-तीन सदस्यांच्या नावाने वेगवेगळे जाऊ द्या. त्यात एक ती विळा घेऊन आलेली बाई असावी असं मला फार वाटतं. कार्यालयातून उत्तर तिच्या नावाने पाड्यावर येईल.

आणि ग्रामसभेचा नवा ठराव करून घ्या. निम्मी उपस्थिती, त्यात किमान एक तृतीयांश महिला, सह्या-अंगठे नीट. ठरावाचं वाचन सभेतच मोठ्याने करा.

पळसवाट

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. कालपासून तीनदा धागा वाचला.

आजोबांचा जबाब आहे, अंगठ्यासकट. पोचही सापडली, आवक क्रमांक पुसट आहे पण वाचता येतो. काल पाड्यावर फोन करून त्या बाईंशी बोलले. माहितीच्या अर्जावर तुमचं नाव घालू का विचारलं. त्यांनी विचारलं, "त्याने काय होईल?" मी सांगितलं, साहेबांना तुम्हाला लेखी उत्तर द्यावं लागेल. थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या नावाने पत्र येईल?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, मग घाल, आणि माझ्या जावेचंही घाल.

येत्या रविवारी सभा आहे. विषय असे ठेवलेत: हातपंप, वर्गणी, गस्तीच्या पाळ्या, नवा ठराव. वर्गणीवर वाद होईल, होऊ दे. संस्थेत मानधन आणि विम्याबद्दल पत्र दिलंय. रोखठोक, थकवा आहे, खोटं बोलणार नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवस घरी जाणार आहे, त्याआधी दोन पोरांना वही आणि नकाशा समजावून देईन.

मोहफूल, अभ्यास मंडळाबद्दल सविस्तर बोलायचंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

काठावरचा

माहितीचे अर्ज द्यायला जाल तो दिवस कळवा. तळोद्याहून मी येतो, भावालाही आणतो. त्याला त्या कार्यालयाच्या टपाल शाखेतली सगळी माणसं ओळखतात. आवक क्रमांक पुसट आहे म्हणता, तर नोंदवहीत तारखेवरून शोधावा लागेल, त्याला ती सवय आहे.

पळसवाट

सोमवारी जातोय. बाई आणि त्यांची जाऊही येणार आहेत. सकाळच्या पहिल्या एसटीने.